गॉडफादरवाल्या ब्रँडोनं अख्खं बेट घेतलं, पण त्याच्या मनातलं रिसॉर्ट उभं राहिलं ते तो गेल्यावर

इन्स्टाग्राम उघडलं की दर चार रीलमागं एक रील ठरलेली. निळंशार पाणी, पांढरी वाळू, झावळ्यांच्या छपराची खोली आणि तरंगत्या ट्रेमधला नाश्ता. मालदीव, बाली, मॉरिशस, नाहीतर मग लक्षद्वीप. लग्नाचा हॉल बुक झाला की पाठोपाठ हनिमूनचं रिसॉर्ट शोधायला सुरुवात होते. शोधताना बघितलं काय जातं? पूल खासगी आहे का, नाश्ता पॅकेजमध्ये आहे का आणि फोटो कसे येतात.

खोलीतला एसी कशावर चालतो, नळाला पाणी कुठून येतं, कचरा कुठं जातो, हे कोण विचारतंय?

पन्नासेक वर्षांपूर्वी एका माणसानं हे सगळं विचारलं होतं. तो हॉटेलवाला नव्हता, इंजिनियर तर नव्हताच. शाळेतून हाकललेला नट होता. त्याचं नाव मार्लन ब्रँडो. तोच तो, गॉडफादरमधला गालात कापूस कोंबल्यासारखा बोलणारा डॉन कॉर्लिओनी. आज त्याच्या नावानं जगातलं एक अतिमहागडं बेट-रिसॉर्ट चालतं. तिथला एक दिवसाचा मुक्काम आपल्याकडच्या लाखांच्या हिशोबात जातो. पण ते रिसॉर्ट उभं राहिलं तेव्हा ब्रँडोला जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि जिवंतपणी त्यानं त्याच बेटावर जे हॉटेल चालवलं ते कायम तोट्यातलं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या मधोमध, समुद्रापासून हजारो किलोमीटर लांब. 3 एप्रिल 1924 ला नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात ब्रँडोचा जन्म झाला. वडील फिरतीवर असणारे विक्रेते आणि कडक स्वभावाचे. आई नाटकात काम करणारी, गुणी, पण दारूच्या आहारी गेलेली. बारमधून आईला घरी आणायचं काम कधीकधी पोरांवर यायचं. मार्लन शाळेत रमला नाही. वडिलांनी त्याला सुधारायला म्हणून मिनेसोटातल्या लष्करी शाळेत घातलं. तिथूनही त्याला काढून टाकलं.

पण त्या शाळेनं त्याला एक गोष्ट दिली. वाचनालयात नॅशनल जिओग्राफिकचे अंक होते आणि त्यातल्या काहींमध्ये ताहितीचे फोटो. दक्षिण प्रशांत महासागरातलं, फ्रेंचांच्या ताब्यातलं एक बेट. त्याच्या डोक्यात बसली ती तिथल्या माणसांची तोंडं. घरात कधी न दिसलेला निवांतपणा त्याला त्या चेहऱ्यांवर दिसला. पोरगं शिक्षा भोगतंय आणि वाचनालयात बसून ताहितीचे फोटो बघतंय, अशी ती ओळख होती.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळं पटकन उरकू. 1943 मध्ये न्यूयॉर्क, स्टेला अ‍ॅडलरकडं अभिनयाचे धडे, 1947 मध्ये रंगभूमीवर 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर', 1951 मध्ये त्याचाच सिनेमा आणि 1954 च्या 'ऑन द वॉटरफ्रंट'साठी ऑस्कर. तिशीतच तो हॉलिवूडचा सगळ्यात मोठा नट होता. त्याची पहिली बायको अ‍ॅना काश्फी, भारतात जन्मलेली. 1957 ला लग्न, 1959 ला घटस्फोट, आणि मधल्या काळात जन्मलेला मुलगा ख्रिश्चन. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

1960 साली एमजीएम स्टुडिओनं त्याला 'म्युटिनी ऑन द बाउंटी' दिला. 1789 मध्ये ब्रिटिश जहाज बाउंटीवर कप्तान ब्लायविरुद्ध झालेलं बंड, ही खरी घटना त्याचा विषय. शूटिंग ताहितीत. लहानपणीचे फोटो आता समोर उभे होते.

सिनेमाचं मात्र वाटोळं झालं. बाउंटीची हुबेहूब प्रतिकृती कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात बांधली होती, ती उशिरा पोचली. पाऊस लागला. दिग्दर्शक कॅरल रीड मधेच बाहेर पडला, लुईस माइलस्टोन आला, आणि ब्रँडोचं त्याच्याशीही जमेना. खर्च जवळपास 2 कोटी डॉलर्सवर गेला, तोही 1962 सालचा. गल्ल्यावर तो भरून निघाला नाही, आणि खापर बहुतेक सगळं ब्रँडोवर फुटलं. (जाता जाता, सिनेमासाठी बांधलेलं ते जहाज पुढं पन्नास वर्षं टिकलं आणि 2012 मध्ये सँडी चक्रीवादळात बुडालं.)

याच शूटिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे तारिता तेरीपाया. सिनेमाशी काही संबंध नसलेली ही तिथली तरुणी नायिकेच्या भूमिकेसाठी निवडली गेली आणि ब्रँडोच्या आयुष्यात आली. दोघांना दोन मुलं झाली, 1963 मध्ये तेइहोटू आणि 1970 मध्ये शायेन.

दुसरी गोष्ट म्हणजे टेटियारोआ.

ताहितीच्या उत्तरेला साधारण 50 किलोमीटरवर ही एक कंकणाकृती प्रवाळ बेटांची माळ आहे. मधे उथळ खाजण, भोवती डझनभर छोटी बेटं, सगळी जमीन मिळून 6 चौरस किलोमीटरच्या आसपास. ताहितीच्या पोमारे राजघराण्याची ही विश्रांतीची जागा होती. म्हणजे बेटावर जाऊन आराम करायची कल्पना तिथं रिसॉर्टवाल्यांच्या कितीतरी आधीपासून होती, फक्त ती राजघराण्यापुरती. गंमत म्हणजे बाउंटीवरचे तीन खलाशी बंडाच्या आधीच जहाजावरून पळाले होते आणि ते लपले होते टेटियारोआवरच. 1904 मध्ये राजघराण्यानं ही बेटं जॉन्स्टन विल्यम्स नावाच्या कॅनडियन दंतवैद्याला दिली. त्यानं तिथं नारळ लावले आणि खोबऱ्याचा धंदा केला.

ब्रँडोनं हे ठिकाण पाहिलं तेव्हा तिथं विल्यम्स कुटुंबातली एक अंध वृद्धा राहत होती. तो तिला भेटला, गप्पा मारल्या, पुन्हा गेला. 1966-67 च्या सुमारास दोन टप्प्यांत ही बेटं त्याच्याकडं आली. किंमत दोन-तीन लाख डॉलर्सच्या घरात. परक्या माणसानं बेटं विकत घ्यावीत याला तिथं विरोधही झाला, सरकारी परवानगीसाठी थांबावं लागलं. याच काळात, 1966 पासून, फ्रान्सनं त्याच प्रदेशातल्या मोरुरोआ बेटावर अणुचाचण्या सुरू केल्या होत्या. तिथल्या बेटांकडं जग तेव्हा दोनच नजरांनी बघत होतं. एक पर्यटनाची आणि दुसरी बॉम्बची.

ब्रँडोला दोन्ही नको होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

त्या काळातला ब्रँडो नुसता नट राहिला नव्हता. 1963 च्या वॉशिंग्टन मोर्च्यात तो सामील झाला होता. युनिसेफच्या कामासाठी तो भारतात, दुष्काळानं होरपळलेल्या बिहारमध्येही येऊन गेला. टेटियारोआबद्दलही त्याची स्वप्नं मोठी होती. तिथं शास्त्रज्ञ यावेत, समुद्रातून अन्न कसं पिकवता येईल, सूर्य आणि वाऱ्यावर वीज कशी करता येईल याचे प्रयोग व्हावेत. बेट आहे तसं राहावं.

आणि हे सगळं चालवायला पैसा लागणार, म्हणून एक छोटंसं हॉटेल असावं.

इथं खरी मेख आहे. प्रवाळ बेटावर हॉटेल काढणं म्हणजे काय, हे आपल्याला रीलमध्ये कधी दिसत नाही. अशा बेटावर नदी नसते, डोंगर नसतो, झरा नसतो. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. तेवढंच काय ते पाणी. विहिरीतून जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर कायमची बाद होऊ शकते. कोकणात किनाऱ्याजवळ ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. माती नावालाच. वीज नाही. कचरा पुरायला जागा नाही. त्यात टेटियारोआच्या भोवतालच्या प्रवाळ कड्यात बोट आत शिरेल अशी वाटच नाही. खिळ्यापासून सिमेंटच्या पोत्यापर्यंत सगळं कड्यावरून, लाटांच्या हिशोबानं आत न्यावं लागायचं.

ब्रँडोनं लॉस एंजेलिसचा आर्किटेक्ट बर्नार्ड जज याला गाठलं. जज गेला तो काही दिवसांसाठी आणि त्यात त्याची वर्षं गेली. ब्रँडोच्या फर्माइशी अशा की ऐकणाऱ्यानं डोक्याला हात लावावा. झाडं कमीत कमी तोडायची. वीज निसर्गातून करायची. सांडपाणी खाजणात जाता कामा नये. बाहेरचं सामान शक्यतो नको. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे मागणं म्हणजे दुकानात जाऊन जे अजून बनलंच नाही ते मागण्यासारखं होतं. सोलर पॅनेल तेव्हा उपग्रहांवर लावायची वस्तू होती. जजनं जमेल तेवढं केलं. आधी ओनेताही नावाच्या बेटावर धावपट्टी काढली, मग नारळाच्या लाकडाच्या आणि झावळ्यांच्या खोल्या उभ्या केल्या.

1973 मध्ये हॉटेल सुरू झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रँडोनं गॉडफादरसाठी मिळालेलं ऑस्कर नाकारलं आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची हॉलिवूडनं केलेली चेष्टा जगासमोर आणायला आपल्या जागी एका तरुणीला मंचावर पाठवलं. जग त्यावर चर्चा करत होतं आणि इकडं त्याचं हॉटेल पहिल्या पाहुण्यांची वाट बघत होतं.

हॉटेल चाललं, पण धड चाललं नाही. खोल्या साध्या, एसी नाही, डास भरपूर. ब्रँडोचं नाव वाचून येणाऱ्यांना वाटायचं हॉलिवूडचा थाट असेल, आणि समोर यायची झावळ्यांची झोपडी. पापीतीहून छोट्या विमानानं सकाळी यायचं, पोहायचं, मासे खायचे आणि संध्याकाळी परत, असे एका दिवसाचे पाहुणेही असत. घटस्फोटानंतरही हॉटेलचा कारभार तारितानं सांभाळला, आणि हॉटेल इतकी वर्षं टिकलं यात तिचा वाटा ब्रँडोपेक्षा मोठा होता असं म्हणायला हरकत नाही. तो यायचा, खाजणाकाठी पडून राहायचा, रात्री हॅम रेडिओवर जगातल्या अनोळखी लोकांशी खोट्या नावानं गप्पा मारायचा, नव्या कल्पना काढायचा आणि निघून जायचा. पैसे कमी पडले की सिनेमा करायचा. 1978 च्या 'सुपरमॅन'मध्ये तो पडद्यावर जेमतेम काही मिनिटं आहे, पण त्यासाठी त्यानं त्या काळी सगळ्यांचे डोळे फिरतील एवढे लाखो डॉलर्स घेतले. 'अपोकॅलिप्स नाऊ'चंही तसंच, काही आठवड्यांचं काम आणि तगडं मानधन. समीक्षक म्हणायचे ब्रँडो पैशासाठी वाट्टेल ते करतो. तो पैसा ज्या गोष्टींत जिरत होता त्यातली एक हे बेट होती.

1983 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियावर काही महिन्यांत एकामागून एक चक्रीवादळं आली. टेटियारोआची जमीन समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. हॉटेलची दैना झाली. झावळ्या पुन्हा शाकारता येतात, पण तोट्यातल्या धंद्यात पुन्हा पैसा घालायचा तर तो आणायचा कुठून?

तरीही बेट विकायचा विचार त्यानं केला नाही. ते त्याचं लपायचं ठिकाण होतं, आणि आपली मुलंही तिथं सुरक्षित राहतील असं त्याला वाटायचं.

ते खोटं ठरलं. मे 1990 मध्ये लॉस एंजेलिसच्या घरी मोठा मुलगा ख्रिश्चन यानं शायेनचा प्रियकर डॅग ड्रोले याला गोळी घातली. डॅग ताहितीचा होता आणि शायेन तेव्हा गरोदर होती. ख्रिश्चननं गुन्हा कबूल केला, त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात साक्ष देताना ब्रँडो रडला, आणि ते रडणं खरं की अभिनय यावरही पेपरांनी रकाने भरले. शायेन यातून सावरली नाही. एप्रिल 1995 मध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी, तिनं ताहितीत आत्महत्या केली. ब्रँडो तिच्या अंत्यविधीलाही गेला नाही. 1990 नंतर त्यानं ना ताहिती पाहिली ना टेटियारोआ. ज्या बेटासाठी त्यानं इतका आटापिटा केला ते शेवटची 14 वर्षं त्याच्यासाठी फक्त नकाशावर होतं.

पण डोक्यातून ते गेलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याचं बोलणं सुरू झालं रिचर्ड बेली यांच्याशी. बेली ताहितीतले हॉटेल व्यावसायिक. ब्रँडोची जुनी अट तीच होती, की बेट बिघडता कामा नये. आणि एक कल्पना तो पुन्हा पुन्हा मांडत होता, की समुद्राच्या थंड पाण्यानं खोल्या गार करायच्या.

ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे, कारण उष्ण कटिबंधातल्या हॉटेलात विजेचा मोठा घास एसी घेतो. आणि बेटावर वीज म्हणजे बहुतेक वेळा डिझेलचा जनरेटर. डिझेल बोटीतून येणार, धूर वर जाणार, आवाज रात्रभर. पण टेटियारोआसारखं बेट म्हणजे समुद्राच्या तळातून उठलेल्या जुन्या ज्वालामुखीचं टोक. किनाऱ्यापासून थोडं लांब गेलं की तळ एकदम खोल जातो. 900 मीटरच्या खाली पाणी साधारण 5 अंश असतं, बारा महिने. तिथपर्यंत पाइप सोडायचा आणि ते पाणी वर आणायचं. त्याची थंडी एका यंत्रात गोड्या पाण्याला द्यायची आणि ते गार झालेलं गोडं पाणी खोल्याखोल्यांत फिरवायचं. समुद्राचं पाणी परत समुद्रात. वीज लागते ती पंपापुरती. बेलींच्या कंपनीनं हा प्रयोग आधी बोरा बोराच्या हॉटेलात 2006 मध्ये करून दाखवला.

ब्रँडोनं तोही पाहिला नाही. 1 जुलै 2004 ला, वयाच्या 80 व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजारानं लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. अस्थींचा काही भाग ताहितीत विखुरला, काही कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात, जुना मित्र वॉली कॉक्सच्या अस्थींबरोबर. तारिताचं हॉटेलही बंद झालं.

2014 च्या जुलैमध्ये त्याच ओनेताहीवर 'द ब्रँडो' सुरू झालं. 35 व्हिला, प्रत्येकाला आपला किनारा आणि आपला पूल. खोल्या समुद्राच्या पाण्यानं गार होतात. वीज सोलर पॅनेल आणि खोबरेल तेलावर चालणाऱ्या जनरेटरमधून. रिसॉर्टला हरित इमारतींचं लीड प्लॅटिनम हे सर्वोच्च मानांकन मिळालं. बेटावर शास्त्रज्ञांसाठी केंद्र आहे, जे ब्रँडोला हवं होतं. तिथं एक झकास प्रयोगही झाला. प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास सोडले, ज्यांच्यापासून माद्यांची अंडी उबतच नाहीत. नर चावत नाही, त्यामुळं पाहुण्यांना त्रास नाही, आणि औषध न फवारता ओनेताहीवरचे डास जवळपास संपले. किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात, त्यांची नोंद ठेवली जाते. 2017 मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर बराक ओबामा इथं राहायला आले आणि नाव जगभर झालं.

म्हणजे ब्रँडोचं स्वप्न पूर्ण झालं का? निम्मं झालं, असं म्हणावं लागेल. पाणी, वीज, सांडपाणी, शास्त्रज्ञ, हे सगळं त्याला हवं तसं. पण त्याच्या झोपड्यांच्या हॉटेलात पापीतीचा साधा माणूस दिवसभरासाठी येऊन जाऊ शकत होता. आताच्या दरात तो विचारही करणार नाही. शिवाय खोली कितीही हिरवी असली तरी तिथं पोचायला अर्ध्या जगावरून विमानानं यावं लागतं, आणि तो धूर लीडच्या गुणांत मोजला जात नाही. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर स्वस्त हॉटेल चालवून बेट वाचवायचा प्रयोग ब्रँडोनं तीस वर्षं केला होता. तो फसला होता. समुद्रात 900 मीटर पाइप सोडायचा पैसा शेवटी लाखांचं बिल भरणाऱ्या पाहुण्यांकडूनच आला.

पाहुण्यांचं छोटं विमान ताहितीहून निघतं आणि साधारण वीस मिनिटांत ओनेताहीवर उतरतं, जिथं बर्नार्ड जजनं सगळ्यात आधी धावपट्टी काढली होती. बोटीची वाट अजूनही नाही. धावपट्टीच्या कडेनं आता सोलर पॅनेलच्या रांगा आहेत.